वीज कंत्राटदार संघटना: यादीत १४०, सभेला १८. सुरुवात कुठून करायची?

फेज_न्यूट्रल

तालुक्यातल्या लायसन्सधारक इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरांची संघटना आहे. २००९ ची नोंदणी, सोसायटी आणि ट्रस्ट अशी दोन्ही. यादीत १४० नावं. त्यातले ८६ आजीव, त्यांच्याकडून तेव्हा १,५०१ रुपये घेतलेले. उरलेल्या ५४ जणांना वार्षिक वर्गणी ५०० रुपये, यंदा भरली ३१ जणांनी. म्हणजे १५,५०० जमा, आणि बँकेत सगळे मिळून २२ हजार. शेवटचा चेंज रिपोर्ट (कार्यकारिणी बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवायचा कागद) २०१५ चा. त्यानंतर २०१८ आणि २०२२ ला कार्यकारिणी बदलली, पण कागद पुढे गेले नाहीत. नव्या मंडळींना तीन गोष्टी हव्या आहेत: सभासद वाढवायचे, पॉइंटचं (दिवा, पंखा, प्लग अशा एकेका जोडणीचं) दरपत्रक छापायचं आणि स्वतःचं ऑफिस घ्यायचं. जाणकारांनी क्रम सांगावा.

खातेवही

तुमच्या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवा, आधी चेंज रिपोर्ट.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो कळवायचा असतो. तुमचे दोन बदल थकले आहेत, म्हणजे दोन वेगळे रिपोर्ट आणि प्रत्येकासोबत वेगळा विलंबमाफीचा अर्ज. "शेवटचाच टाकू, मधला सोडून देऊ" असं बहुतेक जण करतात आणि तिथेच अडकतात. २०२२ ची सभा बोलावली कोणी? २०१८ च्या कार्यकारिणीने. ती कार्यकारिणी शेड्यूल वनवर (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवर) चढलेलीच नसेल, तर तिला सभा बोलवायचा अधिकार होता का, हा प्रश्न विरोधातला एकच सभासद उभा करू शकतो. साखळीतली मधली कडी नसेल तर पुढचं सगळं लटकतं.

प्रत्येक रिपोर्टसोबत साधारण एवढं लागतं: सभेची नोटीस व विषयपत्रिका, नोटीस पोचल्याचा पुरावा, सह्यांची हजेरी, ठरावाचा उतारा, नव्यांची संमतीपत्रं आणि प्रतिज्ञापत्रं, जाणाऱ्यांचे राजीनामे किंवा ना-हरकत, कोणी वारलं असेल तर मृत्यूचा दाखला.

सगळ्यात जास्त रिपोर्ट आपटतात ते नोटिशीवर. तुमची नियमावली काढून बघा. २००९ च्या बऱ्याच छापील नियमावल्यांत "नोटीस यूपीसीने पाठवावी" असं वाक्य असतं (यूपीसी म्हणजे पत्र पोस्टात टाकल्याचा पोस्टाचा दाखला). पोस्टाने यूपीसी २०११ च्या सुरुवातीलाच बंद केली. म्हणजे नियमाप्रमाणे नोटीस पाठवणं आज अशक्य, आणि प्रत्यक्षात सगळे व्हॉट्सॅपवर टाकून मोकळे होतात. नियमावलीत व्हॉट्सॅप नाही, त्यामुळे आक्षेप आला की उत्तर नाही. (रजिस्टर्ड पोस्टदेखील २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा दुरुस्ती करताना शब्द जपून घाला.) दुरुस्ती होईपर्यंत हातोहात नोटीस आणि पोच-वहीत सही, हाच सगळ्यात भक्कम पुरावा.

दुसरा घोळ आकड्यांचा. इतिवृत्तात "४२ सभासद उपस्थित" आणि हजेरीत सह्या ३८. लिपिक पहिल्यांदा हेच मोजतो.

ऑफिसचं म्हणाल तर २२ हजारांत तो विषयच नाही. कर्ज काढायचं म्हटलं तरी धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते, आणि घेतलेली जागा पुढे विकायलाही लागते.

तीन_कोअर

खातेवहींशी सहमत. फक्त एक जोड: बँकेत सह्या कोणाच्या चालतात ते आजच बघा. बहुतेक बँका केवायसी करताना ताजा शेड्यूल वन मागतात. खातं गोठलं की पदाधिकाऱ्याच्या खासगी खात्याचा क्यूआर ग्रुपवर फिरायला लागतो, आणि तिथून हिशेबाची वाट लागते. क्यूआर संस्थेच्याच खात्याचा हवा, नसेल तर तोवर पावती पुस्तक आणि चेक.

व्याजबट्टा

मी पैशांवर लिहितो, कारण खरी गळती तिथे आहे.

८६ आजीव × १,५०१ = १,२९,०८६ रुपये. ते तेव्हाच मुदत ठेवीत टाकले असते तर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला सुमारे ८,३९० रुपये व्याज आलं असतं, म्हणजे डोई ९७ रुपये. तुमची वार्षिक वर्गणी ५००. एका माणसाला सांभाळायला ५०० लागतात असं तुम्हीच ठरवलं होतंत, मग त्याच्याकडून ९७ देणारी रक्कम घेऊन त्याला जन्मभराचा सभासद का केलंत? आणि इथे तर मुद्दलही खर्चून गेलेलं दिसतंय.

आजीव वर्गणी काढायची सोपी रीत: वार्षिक वर्गणी भागिले ठेवीचा दर. वर्गणी १,००० आणि दर ६.५ टक्के धरला तर १५,३८५ रुपये. महागाई धरली तर अजून जास्त. हा आकडा ऐकून कोणी आजीव होणार नाही, आणि ते बरंच आहे. वार्षिक नूतनीकरण हीच संघटनेची नाडी. ज्या वर्षी माणूस पैसे देत नाही त्या वर्षी आपण त्याच्या काही कामाला आलो नाही हे कळतं. आजीवांच्या गर्दीत हे कळायचा मार्गच बंद होतो.

आता आहेत त्या ८६ जणांचं काय? त्यांचं सभासदत्व काढू नका, "पुन्हा पैसे भरा" असा ठरावही करू नका. वाद होईल आणि तुम्ही हराल. आजीव सभासदत्व नव्यांसाठी बंद करा, आणि सेवांसाठी वेगळं ऐच्छिक वार्षिक शुल्क ठेवा. मत सगळ्यांना, सेवा शुल्क भरणाऱ्याला.

वर्गणी किती ठेवावी? १,००० रुपयांवर थांबा. व्यापार-उद्योगाच्या वृद्धीसाठी असलेल्या ना-नफा संस्थेने आपल्याच सभासदांकडून घेतलेल्या वर्षाला १,००० रुपयांपर्यंतच्या वर्गणीला जीएसटीत सूट आहे, जुलै २०१८ पासून. तुमची उलाढाल २० लाखांच्या जवळपासही नाही, त्यामुळे आज नोंदणीचा प्रश्न नाही. पण पुढे प्रदर्शन भरवलंत, स्टॉलभाडं आणि प्रायोजकत्व आलं की ते या सुटीत बसत नाही. "सभासद आणि संस्था एकच, त्यामुळे कर नाही" हा जुना युक्तिवाद २०२१ च्या वित्त कायद्याने जीएसटीपुरता मोडून काढला. त्या दुरुस्तीविरुद्ध केरळ उच्च न्यायालयाचा २०२५ चा निकाल आहे, पण त्याच्या भरवशावर इथे कोणी बेत आखू नयेत.

आयकरात ते तत्त्व अजून चालतं, पण अर्धवट: सभासदांची वर्गणी परस्परतेत (आपलेच पैसे आपल्यातच, म्हणून कर नाही) बसते, बँकेतल्या ठेवीचं व्याज बसत नाही (बंगलोर क्लबचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल), आणि सभासदाला ठरावीक सेवा देऊन घेतलेलं शुल्क धंद्याचं उत्पन्न धरलं जातं. तेव्हा पावती पुस्तकात वर्गणी, सेवा शुल्क आणि देणगी हे तीन रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. वर्षाअखेरीला वेगळे करता येत नाहीत.

फेज_न्यूट्रल

हे डोळे उघडणारं आहे. पण दरपत्रकाचं कोणीच बोललं नाही. सभासदांची ती एक नंबरची मागणी आहे. कोणी पॉइंट निम्म्या भावात करतो आणि सगळ्यांचा धंदा बसतो. किमान दर ठरवला तर?

माळवदकर

किमान दर ठरवू नका. "सूचक दर" नाव देऊनही नको.

स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३(३) मध्ये एकाच धंद्यातल्या लोकांच्या संघटनेने दर ठरवणं थेट येतं. त्याने स्पर्धा बिघडली असं गृहीतच धरलं जातं. बिघडली नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. औषध विक्रेत्यांच्या संघटनांवर स्पर्धा आयोगाने एकामागून एक आदेश काढले ते याच प्रकारात: नवा स्टॉकिस्ट नेमायला संघटनेची एनओसी, ठरलेलं मार्जिन, न ऐकणाऱ्या कंपनीवर बहिष्कार. दंड संघटनेला उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत होऊ शकतो. तुमची उलाढाल पाहता तो किरकोळ वाटेल, पण पदाधिकारी व्यक्तिशः जबाबदार धरले जातात, तेव्हा त्यांचं स्वतःचं उत्पन्न मोजलं जातं.

आणि पुरावा कुठून येतो माहीत आहे? तुमच्याच ग्रुपवरून. "अमक्या सोसायटीचं काम कोणी या दराखाली घेऊ नये" हा एक मेसेज पुरतो. ज्याने काम निम्म्यात घेतलं तोच स्क्रीनशॉट घेऊन जातो.

चालणाऱ्या गोष्टी: सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेची दरसूची सरकारनेच प्रसिद्ध केलेली असते, ती ग्राहकाला दाखवायला काही हरकत नाही. किमान वेतनाचे दर सभासदांना कळवणं चालतं. आणि कोटेशनचा नमुना.

तीन_कोअर

माळवदकरांनी शेवटी जे दोन शब्दांत सांगितलं ते उलगडतो, कारण दरपत्रकाची भूक त्यानेच भागते.

भाव पडतो तो बहुतेक वेळा दर कमी असतो म्हणून नाही, तर दोन कोटेशनं एकाच गोष्टीची नसतात म्हणून. एक जण दिवा आणि त्याचं बटण मिळून एक पॉइंट धरतो, दुसरा टू-वेचे (एकाच दिव्याला दोन ठिकाणी बटण) दोन पॉइंट लावतो. एकाच्या दरात भिंतीला झिरी मारणं आणि ती बुजवणं आहे, दुसऱ्याने ते गवंड्यावर ढकललंय. एकाने अर्थिंग धरलं, दुसऱ्याने "प्रत्यक्षाप्रमाणे" लिहून सोडलं. ग्राहकाला दिसतो फक्त शेवटचा आकडा.

म्हणून संघटनेने दर छापू नये, व्याख्या छापावी. नमुन्यादाखल:

"लाइट पॉइंट: स्विचबोर्डापासून दिव्याच्या जागेपर्यंत, ६ मीटरपर्यंत, १.५ चौ. मिमी तांब्याच्या फेज, न्यूट्रल, अर्थ अशा तीन वायरी, २० मिमी पाइप, स्विचसह. त्यापुढची लांबी मीटरवर वेगळी. टू-वे, पंखा आणि बेल यांच्या स्वतंत्र ओळी. २.५ चौ. मिमीचे प्लग आणि ४ चौ. मिमीचे एसी-गिझर पॉइंट यात नाहीत."

खाली ओळी: बोर्ड व मॉड्युलर बॉक्स, मेन व सबमेन वायर, डीबी (वितरण पेटी), एमसीबी (जादा भार आला की पडणारं स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पडणारं स्विच), अर्थिंगचे खड्डे, झिरी व बुजवणी, टेस्टिंग, जीएसटी. प्रत्येक ओळीसमोर तीनच रकाने: धरलं आहे, धरलेलं नाही, ग्राहक देणार. दराचा रकाना कोरा, तो ज्याचा त्याने भरायचा.

सोबत सभासदाच्या स्वतःच्या उपयोगाचा खर्चाचा तक्ता द्या. वायरचं बंडल ९० मीटरचं. तीन वायरी एकाच पाइपातून गेल्या की ९० मीटर पाइपाला तीन बंडलं, पण बोर्डात आणि दिव्याशी सोडलेली शेपटं धरली तर तेवढं अंतर निघत नाही. नवे लोक इथेच तोट्यात जातात: दर शेजाऱ्याचा बघून लावतात आणि माल स्वतःचा मोजत नाहीत. ज्याला आपला खर्च कळतो तो आपोआप निम्म्यात काम घेत नाही. तोही घेणारच असेल तर त्याला कायद्याने अडवता येणार नाही, हे सभासदांना स्पष्ट सांगा.

खातेवही

या नमुन्यावर "दर एकमेकांशी चर्चा करून ठरवू नयेत" असं तळाला छापा, आणि नमुना मंजूर करणाऱ्या सभेच्या इतिवृत्तातही तसं नमूद करा.

गणेशपेठ

सभासद वाढीसाठी स्नेहसंमेलन आणि जेवण याला पर्याय नाही. केबल कंपनीचा डीलर खर्च देतो, १०० माणूस येतो.

तीन_कोअर

येतो, जेवतो आणि पुढच्या जेवणाला येतो. प्रायोजक घ्या, पण पैसे संस्थेच्या खात्यावर, पावती देऊन. बोलायला दहा मिनिटं. आणि "संघटना अमुकच वायर वापरते" असं पत्र कुणालाही नाही. वर्गणी मात्र जेवणाने येत नाही.

वर्गणी येते ती अडलेल्या वेळी कामाला आलेल्या गोष्टीने. या धंद्यात ती गोष्ट म्हणजे उपकरणं. ५०० आणि १,००० व्होल्टचा मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र), अर्थ टेस्टर, आरसीसीबी टेस्टर. एकेकट्याला वर्षातून पाच-सात वेळा लागतात, म्हणून घेत कोणी नाही आणि टेस्ट रिपोर्टवर अंदाजे आकडे लिहिले जातात. संघटनेचा एक संच असला आणि वर्गणी चालू असलेल्यालाच मिळाला, की नूतनीकरणाचा फोन तोच करतो.

हेही बिघडतं, ते असं: संच अध्यक्षांच्या दुकानात राहतो आणि तीनच जणांकडे फिरतो, अर्थ टेस्टरच्या लांब वायरी आणि खुंट्या परत येत नाहीत, सेल आत राहून गळतात, कॅलिब्रेशनची तारीख उलटते आणि मग त्या आकड्याला किंमत नाही. उपाय: तटस्थ जागा (होलसेलरचं काउंटर बरं), परत करण्याजोगी अनामत, ४८ तासांची मुदत, पेटीच्या झाकणावर आतल्या वस्तूंची यादी चिकटवलेली आणि घेताना-देताना दोघांच्या सह्या, वर्षातून एकदा कॅलिब्रेशन. त्या खर्चाची तरतूद अंदाजपत्रकातच करा.

हेल्पर_ते_सुपरवायझर

दुसरी सेवा: सभासदांच्या वायरमन-हेल्परांची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. फॉर्म भरायला आठवड्यातून एक संध्याकाळ माणूस बसवा. दाखला मात्र ज्याने काम दिलं त्यानेच द्यायचा. संघटनेच्या लेटरहेडवर सरसकट ९० दिवसांचे दाखले वाटायला लागलात तर एका चौकशीत सगळी समिती अडकेल.

अपघात विम्यासाठी वेगळी गट पॉलिसी शोधण्याआधी प्रत्येकाची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना चालू आहे का पाहा. २० रुपयांत २ लाख, वय १८ ते ७०. हप्ता मे अखेरीस खात्यातून जातो. खात्यात पैसे नसले की विमा गुपचूप बंद होतो. २५ मे ला ग्रुपवर एक आठवण टाकली तरी काम झालं. कामगार भरपाईची पॉलिसी मात्र मालकाने काढावीच, हा विमा तिची जागा घेत नाही.

माळवदकर

थकलेल्या बिलांबद्दल कोणी विचारेलच म्हणून आधीच: उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची) फुकट आहे, करून घ्या, पण "४५ दिवसांत पैसे नाही दिले तर तिप्पट व्याज" असं सभासदांना सरसकट सांगू नका. एक तर ते रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट आहे. दुसरं, माल आणि मजुरी एकत्र असलेलं काम वर्क्स काँट्रॅक्ट ठरतं आणि ते या तरतुदीबाहेर असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. निव्वळ देखभालीची कामं असतील तर वेगळी गोष्ट.

व्याजबट्टा

वसुलीची रीत: वार्षिक सभेत वर्गणी गोळा करू नका, सभेला येतात १८. एप्रिल-मे मध्ये करा. १४० नावं बारा जणांत वाटा, एकेकाला अकरा-बारा. घाऊक दुकानांच्या रस्त्याप्रमाणे वाटलीत तर बरं, गावाप्रमाणे नको. कंत्राटदार गावात सापडत नाही, काउंटरवर सापडतो. जागेवर पावती. आणि या फेरीतच वारलेले, धंदा सोडलेले, नंबर बदललेले कळतात. १४० ची यादी कदाचित ९५ वर येईल. येऊ द्या.

गणेशपेठ

ठीक आहे, जेवण राहू द्या. पण गावाला संघटना दिसली पाहिजे की नाही? पुण्यात मर्चंट्स चेंबरचे लोक दिवाळीला ना नफा ना तोटा लाडू-चिवडा विकतात, ते सगळ्या शहराला ठाऊक असतं.

तीन_कोअर

हा मुद्दा मात्र बिनतोड. तुमच्या धंद्यातला लाडू-चिवडा म्हणजे गणपती मंडळांच्या मांडवाची वीज तपासणी. प्रतिष्ठापनेच्या आधी चार दिवस, दोन-दोन जणांच्या जोड्या, एका मंडळाला अर्धा तास. बघायचं काय: अधिकृत तात्पुरतं कनेक्शन आहे का, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का आणि टेस्ट बटण दाबल्यावर पडते का, दोन कोअरची वायर ओढून अर्थ सोडून दिलाय का, लोखंडी सांगाडा अर्थ केलाय का, जोड टेप गुंडाळून जमिनीवर, पावसाच्या पाण्यात पडलेत का, जनरेटरला चेंजओव्हर (लाइन आणि जनरेटर एकाच वेळी जोडू न देणारं स्विच) आहे का.

कागद द्या तो "निरीक्षण पत्रक" नावाने, त्यावर तारीख-वेळ आणि मंडळाच्या माणसाची सही. "प्रमाणपत्र" हा शब्द कुठेही नको. तुम्ही गेल्यावर तासाभरात कोणीतरी फोकस वाढवतो, आणि जबाबदारी प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याकडे येते.

खातेवही

सभासद वाढवायला लागलात की निवडणुकीचा विचार आधी करा. नेहमीचा प्रकार: अर्ज भरायच्या आदल्या दिवशी एक जण ४० जणांची वर्गणी एकरकमी भरतो. संस्था नोंदणी अधिनियम १८६० च्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांपेक्षा जास्त थकबाकी असलेल्याला मत नाही, पण आज भरलेल्याला हे कलम अडवत नाही. नियमावलीत घाला: मतदानाआधी किमान १८० दिवस सभासद असलेलाच मतदार, मतदारयादी २१ दिवस आधी फलकावर, आक्षेपाला ७ दिवस. हे निवडणुकीच्या वर्षी घालू नका, मधल्या वर्षी घाला.

फेज_न्यूट्रल

सगळ्यांचे आभार. क्रम समजला. एक अडचण: २०१८ च्या सभेचं इतिवृत्त आहे, पण हजेरीची पानं सापडत नाहीत. तेव्हा हजर असलेल्यांच्या आता सह्या घेतल्या तर?

खातेवही

अजिबात नको. मागच्या तारखेच्या सह्या म्हणजे बनावट दस्तऐवज, आणि त्या १८-२० जणांतला एक जरी फुटला तर दिवाणी बाब फौजदारी होते. हजेरीपत्रक गहाळ आहे असं विलंबमाफीच्या अर्जात सरळ लिहा, हजर असलेल्या पाच-सहा जणांची आजच्या तारखेची प्रतिज्ञापत्रं जोडा, त्या सभेचे फोटो, हॉलभाड्याची पावती, बँकेतला खर्च, जे सापडेल ते लावा. तेही टिकणार नाही असं वकिलाला वाटलं, तर विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१अ खाली धर्मादाय आयुक्तांचे निर्देश मागून नव्याने निवडणूक घेण्याचा मार्ग आहे.

फेज_न्यूट्रल

आणि मूळ नियमावली? आमच्याकडे फक्त झेरॉक्स आहे, मधली दोन पानं अस्पष्ट.

खातेवही

नक्कलेचा अर्ज करा. धर्मादाय कार्यालयात तुमच्या दोन फाइली असतात, सोसायटीची "महा/" नंबरची आणि ट्रस्टची "एफ" नंबरची. दोन्हींतून नक्कल काढा. नियमावलीतली एखादी जुनी दुरुस्ती एकीत लागलेली असते आणि दुसरीत नसते.